अर्धी मोरपंखी रेघ

१

होस फुटली होती, याबद्दल कोणाचेच दुमत नव्हते. वाद होता तो फुटलेली होस कोणती, याबद्दल.

कागदाच्या त्या गोदामात दोन फोर्कलिफ्ट होत्या. एक आधी आली म्हणून ती थोरली, दुसरी मागाहून आली म्हणून ती धाकटी. धाकटी मधल्या वाटेत उभी होती. काटे जमिनीला टेकलेले, आसन रिकामे, आणि भोवती सांडलेल्या तेलावर भुसा पसरलेला. कागदाचे गठ्ठे सर्वांत वरच्या फळीवर चढवीत असताना दाबाचे तेल वाहून नेणारी रबरी होस मधोमध फाटली, काटे धाडकन खाली आले आणि भार कलंडला. चालक आसनावर बसून राहिला असता, तर डोक्यावरच्या पोलादी पिंजऱ्याने त्याला राखले असते. परंतु भयाला विवेक नसतो. त्याने बाहेर उडी घेतली आणि त्याचे उजवे पाऊल गठ्ठ्याखाली सापडले.

यंत्रसुरक्षेच्या कार्यालयातून तपासाला आलेल्या निरीक्षिकाबाई निवृत्तीच्या उंबरठ्यावर होत्या. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, हातात दांडीला बसवलेला छोटा आरसा, आणि बोलणे मोजके. फाटलेल्या होसजवळ त्या सावकाश वाकल्या, तेव्हा त्यांच्या गुडघ्यांनी आपले मत मोठ्याने मांडले.

"हे गुडघेही तपासणीला द्यायला झालेत," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

होसचे वरचे रबर सुकून भेगाळले होते. भेगांतून आतल्या तारांची जाळी दिसत होती आणि तारांवर गंज चढला होता. एवढी झीज काही दिवसांत होत नाही.

"बघितलंत ना, मॅडम?" मागे उभा असलेला पर्यवेक्षक म्हणाला. "आणि उस्ताद म्हणतात, मी नवी बसवली होती! आता हिला नवी म्हणायचं, तर मला बाळ म्हणायला हरकत नाही."

उस्ताद म्हणजे गोदामाचा फिटर. तो थोड्या अंतरावर खांबाशी उभा होता. त्याच्या कार्यशाळेच्या किल्ल्या काढून घेतल्या होत्या. त्यामुळे आपल्या हातांचे काय करावे, हे त्याला उमगत नव्हते. ते तो पुनःपुन्हा कोरड्या फडक्याला पुसत होता.

"मी नवी बसवली होती, बाई," तो शांतपणे म्हणाला. "याच यंत्राला. याच हातांनी. ही होस ती नव्हे."

"मग ती काय उडून गेली?" पर्यवेक्षकाने विचारले.

"ते मला ठाऊक असतं, तर इथं उभा कशाला राहिलो असतो, साहेब?"

पर्यवेक्षकाने बाईंना बाजूला घेतले. कंपनीचे ठरले होते. बाईंचा निष्कर्ष हाती आला, की उस्तादाला कामावरून कमी करायचे आणि हयगयीचा गुन्हाही नोंदवायचा. नोकरी संपत आलेल्या माणसाच्या कपाळी हा डाग.

"आणि खरी गंमत पुढेच आहे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "ज्याचा पाय चिरडला ना, तो त्याचा सख्खा जावई. लेक त्या दिवसापासून बापाशी एक शब्द बोललेली नाही."

२

बाईंनी किल्ल्या मागून घेतल्या आणि उस्तादालाच कार्यशाळा उघडायला लावली.

ती खोली म्हणजे एका निष्ठावंताचे देवघर होते. प्रत्येक पाना भिंतीवर आपापल्या खिळ्याला, आणि त्याच्यामागे त्याच्याच आकाराची रंगवलेली सावली. कोपऱ्यात एका आकड्याला जुन्या होसांचे तुकडे टांगलेले होते. एकही होस अखंड नव्हती. प्रत्येकीचे करवतीने दोन तुकडे केलेले.

"या कापल्यात कशासाठी?"

"कापली नाही, तर कोणीतरी अडीनडीला उचलून पुन्हा लावतं. माणूस आळशी, बाई. उतरवलेली होस दिसली, की त्याला वाटतं अजून चालेल. म्हणून उतरवली, की आधी करवत."

"धाकटीची जुनी होस यात आहे?"

त्याने क्षणाचाही विचार न करता दोन तुकडे काढून दिले. एकाच्या टोकाजवळ सुईच्या अग्राएवढे छिद्र होते.

"हे कसं सापडलं? हात फिरवून?"

उस्तादाचा चेहरा असा झाला, की जणू कोणी देवळात पादत्राणे घालून शिरले. "हात? बाई, दाबाचं तेल अशा छिद्रातून सुटलं, तर कातडीत सुईसारखं घुसतं. हात कापायची पाळी येते. पुठ्ठा फिरवायचा." त्याने टेबलाखालून एक पुठ्ठा ओढला. त्यावर तेलाचा बारीक पिसाऱ्यासारखा फवारा उमटून वाळला होता. "दोन्ही यंत्रांवर फिरवला. धाकटी गळत होती. थोरलीच्या होसला वरून भेगा होत्या, पण गळत नव्हती. मागवल्या दोन, आली एक. जी गळते तिला पहिली, हा नियम. दुसरी येईपर्यंत थोरलीनं खालच्या फळीचीच कामं करायची, असं साहेबांना सांगितलं."

"भेगा दिसल्यावर थोरली उभीच का नाही केलीत?"

उस्तादाने पुठ्ठा पुन्हा टेबलाखाली सरकवला. "करायला हवी होती," तो म्हणाला. "साहेब म्हणाले, एका यंत्रावर गोदाम चालत नाही. मी मान तुकवली."

बाईंनी ते मनात टिपून ठेवले. जो माणूस आपल्याकडचा दोष असा न मागता देतो, तो उरलेल्या गोष्टींत सहसा खोटे बोलत नाही. परंतु 'सहसा' हा काही पुरावा नव्हे.

"बसवताना तुम्ही खूण करता?"

"करतो ना. नट आवळला, की नटावरून जोडावर एकच आडवी रेघ ओढायची. नट जरा जरी ढिला झाला, तरी रेघ तुटलेली दिसते. आधीची खूण थिनरनं पुसून मगच नवी." त्याने खणातून काचेची एक चिमुकली बाटली काढली. ती नखे रंगवायची होती. आत मोरपंखी रंग.

बाईंच्या भुवया वर गेल्या.

उस्ताद थोडासा लाजला. "यासारखा टिकाऊ रंग नाही. तेलानं जात नाही. लेक देते. गेली कित्येक वर्षं गुलाबी देत होती, तो संपला. मागच्याच महिन्यात ही दिली. एकीवर एक मोफत मिळाली म्हणे. एक तिची, एक माझी. म्हणाली, बाबा, आता तुमची यंत्रं आणि मी, दोघं एका रंगाची." त्याने बाटली उजेडाला धरली. "या बाटलीतून आजवर एकच काम झालंय. धाकटीची नवी होस."

बाई उठल्या आणि धाकटीकडे चालू लागल्या. काटे ज्याच्यावरून वर-खाली सरकतात त्या उभ्या मास्टच्या आडव्या पट्टीवर, चालकाच्या अगदी डोळ्यांसमोर, होसचा वरचा जोड होता. अपघाताच्या तेलाने आणि भुशाने तो माखला होता. त्यांनी फडक्याने तो निगुतीने पुसला आणि चष्मा नाकावर चढवला.

पट्टीवरच्या स्थिर जोडावर अर्धी रेघ होती. मोरपंखी.

तिच्याशी भिडलेल्या नटावरही अर्धी रेघ होती. पण ती जुनाट, फिकट गुलाबी होती.

३

थोरली मालाच्या दाराशी उभी होती. तिचा चालक अंगाने काडीसारखा, म्हणूनच त्याला सगळे पैलवान म्हणत. बाई येताना दिसताच तो आसनावरून उतरला आणि यंत्राच्या पुढे असा उभा राहिला, की जणू त्या देहाने ते झाकले जाणार होते.

"जरा बाजूला होता का, पैलवान?"

"यंत्र एकदम ठणठणीत आहे, मॅडम."

"तेच तर बघायचंय. इतकं ठणठणीत का आहे ते."

थोरलीच्या जोडावर अर्धी गुलाबी रेघ होती, आणि नटावर अर्धी मोरपंखी. होस काळी कुळकुळीत, नवीकोरी. दोन यंत्रांवर दोन तुटक्या रेघा. आणि एकीचे उरलेले अर्धे दुसरीवर. उस्ताद खरे बोलत होता. नवी होस धाकटीलाच बसली होती, आणि नंतर कोणीतरी दोन्ही होसांची अदलाबदल केली होती.

परंतु बाईंची नजर तेवढ्यावर थांबली नाही. होसच्या अंगावर लांबीभर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ छापलेली असते. होस नीट बसवली, तर ती ओळ सरळ धावते. इथे मात्र ती वेलीसारखी वळसा घेत वर चढली होती. होसमध्ये पीळ पडला होता. आणि जोडाच्या मागे, ठिबकणारे तेल टिपायला खोचलेली कापडाची एक चिंधी तशीच विसरलेली होती. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक पिवळी फुले.

"ही चिंधी तुमची?"

"छे! मी बनियनचं फडकं वापरतो. फुलाफुलांचं काय करू, मॅडम, हसतील लोक."

"होस कधी बदलली?"

पैलवान एक पाऊल मागे सरकला. "खरं सांगू? मला नाही माहीत. बहिणीचं घर हलवायचं होतं, मी सुटीवर परगावी होतो. परत आलो, तर होस नवी. मला वाटलं, दुसरी आली असेल. साहेबांनी बसवून घेतली असेल. आपलं भलं झालंय, तर विचारायचं कशाला?"

"आणि अपघात झाल्यावर?"

"तेव्हा कळलं, दुसरी आलीच नाही म्हणून." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मग तर तोंडच उघडेना. सगळे म्हणाले असते, यानंच चोरली. कारण मी थट्टा करायचो ना त्याची."

"कसली थट्टा?"

"जावईबापू, जावईबापू म्हणून. नवी होस धाकटीला लागली त्या दिवशी कँटीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणालो, 'सासरा फिटर असला, की नवं कोरं मिळतं. आमचा सासरा मेला स्वयंपाकी, आम्हाला नुसती ढेकर.' सगळे हसले. तोसुद्धा हसला."

"तोसुद्धा?"

पैलवान विचारात पडला. "तोंडानं हसला," तो म्हणाला.

४

पर्यवेक्षकाच्या खोलीत भिंतीवर एक मोठा फलक होता. या महिन्यात एकही यंत्र बंद पडले नाही, असे त्यावर अभिमानाने लिहिलेले. अपघातानंतर तो उतरवायचे कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

बाईंनी दोन तुटक्या रेघांची हकिकत सांगितली. पर्यवेक्षकाचा चेहरा आधी उजळला, मग काळवंडला.

"म्हणजे पैलवान!"

"तो परगावी होता. आणि एक सांगा, थोरलीनं खालचीच कामं करायची, हे उस्तादांनी तुम्हाला सांगितलं होतं?"

"सांगितलं असेल. रोज काहीतरी सांगत असतात. त्यांच्या हातात असतं, तर त्यांनी दोन्ही यंत्रं पाळण्यात घालून जोजवली असती."

"म्हणजे थोरलीची होस जीर्ण आहे हे ठाऊक असलेले तुम्ही एक. यंत्र बंद पडू नये, असं वाटणारेही तुम्हीच."

पर्यवेक्षक उसळला. "मॅडम, माझ्यावर? मी अदलाबदल केली?"

बाईंनी पिशवीतून एक पाना आणि कार्यशाळेतून आणलेला एक सुटा जोड काढून टेबलावर ठेवला. "जरा उघडून दाखवता?"

त्याने पाना उलटा धरला. मग सुलटा धरला. मग तो उघडण्याऐवजी नेमका आवळण्याच्या दिशेने फिरवला आणि जोर लावून लालबुंद झाला. बाई शांतपणे पाहत राहिल्या.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "तुमचा दोष वेगळा आहे, आणि तोही लिहावा लागेल. भेगाळलेली होस असलेलं यंत्र तुम्ही चालू ठेवलंत. आणखी एक. धाकटीला त्या दिवशी वरच्या फळीवर माल चढवायला कोणी सांगितलं?"

"मी. तिची होस नवी आहे, असंच तेव्हा वाटत होतं ना! थोरली जात नाही, तर धाकटी जाणारच."

"चालकानं कुरकूर केली?"

पर्यवेक्षक आठवू लागला. आता त्याच्या आवाजात तोरा नव्हता. "कुरकूर नाही. पण थोडा वेळ तसाच बसून राहिला. मी म्हटलं, काय झालं, सासऱ्यानं बसवलेल्या होसवर भरवसा नाही का? मग गेला."

बाईंनी चष्मा उतरवला आणि तो बराच वेळ पुसला. भिंगे आधीच स्वच्छ होती.

५

जखमी चालकाचे घर दुसऱ्या मजल्यावर होते. दोन खोल्या, लख्ख घासलेला ओटा, आणि खिडकीपाशी पलंगावर तो, उशांवर उंच ठेवलेल्या पायाला पांढऱ्या पट्टीचे वेटोळे. डॉक्टरांनी पाऊल वाचवले होते. चालणे कितपत वाचेल, ते काळच सांगणार होता.

उस्तादाच्या लेकीने बाईंना पाणी दिले. तिने पेला पुढे केला तेव्हा बाईंनी तिची बोटे पाहिली. नखांवरचा रंग खरवडून काढलेला होता. पण कडांच्या बेचक्यांत मोरपंखी कण अजून चिकटून होते.

"तू वडिलांशी बोलत नाहीस, असं ऐकलं."

"काय बोलू, मावशी?" ती पदराचे टोक बोटाला गुंडाळीत म्हणाली. "मी बाबांना जन्मापासून ओळखते. लोक काय म्हणतील, हा त्यांचा एकच आजार. शाळेच्या जत्रेत त्यांनी खेळ मांडला होता, तर मला मुद्दाम शेवटी उभं केलं. आपल्या पोरीला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये म्हणून. माझी पाळी येईपर्यंत बक्षिसं संपली. इथंही तेच केलं. नवी होस परक्याला दिली असणार आणि फाटकी जावयाला. स्वतःचं नाव स्वच्छ राहावं म्हणून."

"त्यांनी तसं सांगितलं?"

"ते म्हणतात, नवीच बसवली. मग ती फाटकी कुठून आली? खोटंही बोलायला लागले बाबा. पायापेक्षा मला त्याचं जास्त..."

पलंगावरचा माणूस खिडकीबाहेर पाहत होता. खिडकीला पडदा होता. निळा, त्यावर बारीक पिवळी फुले. एका बाजूने तो खाली चौकटीपर्यंत पोचत होता, आणि दुसऱ्या बाजूला कोपरा नव्हता.

"पडदा आखूड झाला वाटतं," बाई सहज म्हणाल्या.

"उंदीर, मावशी," लेक कपाळाला आठ्या घालून म्हणाली. "नवा पडदा, आणि मेल्यांनी कोपराच नेला. सापळा लावला, तर एक सापडेल तर शपथ."

बाईंनी पिशवीतली चिंधी काढली, उलगडली आणि पलंगावर, त्या पांढऱ्या वेटोळ्याशेजारी ठेवली.

"सापडला," त्या म्हणाल्या. "जा, मुली, वडिलांना वर बोलाव. मी त्यांना खाली थांबायला सांगितलंय."

६

उस्ताद दारातच उभा राहिला. कोणी आत ये म्हणाले नाही, म्हणून उंबऱ्याबाहेरच. लेक चुलीकडच्या भिंतीला टेकून उभी होती. बाई खुर्चीवर बसून, एखादे प्रमेय मांडावे तशा निर्विकारपणे बोलू लागल्या.

"आधी एक गोष्ट निश्चित. नवी होस धाकटीलाच बसली होती. धाकटीच्या जोडावर मोरपंखी अर्धी रेघ आहे आणि ती बाटली मागच्याच महिन्यात उस्तादांच्या हाती आली. म्हणजे मुली, तुझे वडील खोटं बोलले नाहीत. आणि जावयाला त्यांनी कमीही दिलं नाही, जास्तही दिलं नाही. गळत होती ती धाकटी. कापलेल्या तुकड्यावर छिद्र आहे, पुठ्ठ्यावर फवारा आहे."

लेकीने वर पाहिले. पण बापाकडे नाही, अजून नाही.

"दुसरी गोष्ट. होसांची अदलाबदल करणारा फिटर नव्हता. फिटर दोन पाने वापरतो. एकानं होसचं टोक धरतो, दुसऱ्यानं नट फिरवतो. इथं एकच पाना वापरला गेला. म्हणून नटाबरोबर होसही फिरली आणि तिच्यात पीळ पडला. पर्यवेक्षकाला पाना कसा धरावा हेच कळत नाही. पैलवान गावात नव्हता. तरीही, या दोघांपैकी कोणीतरी ते केलं असं क्षणभर समजू. मग एक प्रश्न उरतो, आणि त्या प्रश्नावरच सगळं संपतं."

त्या पलंगाकडे वळल्या.

"चालक रोज सकाळी आसनावर बसतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर तो जोड असतो. तिथं मोरपंखी रेघ होती. घरी बायकोच्या हातांवर जो रंग, तोच. गोदामातल्या दुसऱ्या कोणाच्या नजरेतून ती रेघ सुटेल. एका माणसाच्या नजरेतून सुटणार नाही. एका सकाळी तिथं ती अर्धीच उरली होती, नटावरची उरलेली अर्धी गुलाबी होती. आणि तो माणूस कोणाला काही बोलला नाही. का बोलला नाही?"

खोलीत नळाखालच्या बादलीत थेंब पडत होता.

"कारण मीच केलं," पलंगावरून आवाज आला.

लेक पुढे झाली. "अहो, काय बोलताय तुम्ही? औषधाची गुंगी आहे का?"

"गुंगी नाही. जेवणाच्या सुटीत केलं. सगळे कँटीनमध्ये होते. पडद्याचा कोपरा मीच नेला होता. फडकं सापडेना, आणि घाई होती." तो खिडकीकडेच पाहत बोलत होता. "जावईबापू, जावईबापू! उठता जावईबापू, बसता जावईबापू. मी लग्नाआधीपासून तिथं चालक आहे. माझं काम मी शिकून मिळवलं. पण यंत्राला एक होस काय लागली, सगळ्यांना वाटलं सासऱ्याची मेहेरबानी. म्हटलं, घ्या. नवी तुम्हीच घ्या. मी जुनीवर चालवून दाखवतो. हळू चालवीन, खालचीच कामं घेईन, दुसरी येईपर्यंत निभेल."

"आणि साहेबांनी वरच्या फळीवर पाठवलं," बाई म्हणाल्या.

"तेव्हा सांगायला हवं होतं. पण सांगायचं, तर सगळंच सांगावं लागलं असतं. लोक अजून हसले असते." त्याने पहिल्यांदाच दाराकडे पाहिले. "मग इस्पितळात कळलं, बाबांवर आलंय. रोज वाटायचं, उद्या सांगू. आणि रोज ते जड होत गेलं. हिनं नखं खरवडली, तेव्हा तर..."

"मी खरवडत होते, तेव्हा तुम्ही समोर बसला होतात!" लेकीचा आवाज चिरकला. "बघत होतात! मी बाबांना काय काय बोलत होते, ते ऐकत होतात. एक शब्द काढायला जीभ झडली होती का?"

बाईंनी चिंधी उचलून पिशवीत ठेवली. त्यांचे काम संपले होते. पुढचे काम त्यांचे नव्हते.

उस्ताद उंबरा ओलांडून आत आला. पलंगाशी जाऊन उभा राहिला. तो आता काय बोलेल, या धास्तीने जावयाने डोळे मिटून घेतले.

"पाना किती नंबरचा घेतलात?" उस्तादाने विचारले.

जावयाने डोळे उघडले. "तुमच्याच खिळ्यावरचा. मोठा."

"एकच?"

"एकच."

"मग पीळ पडणारच. एकानं धरायचं असतं." मग त्याच्या आवाजात काहीतरी हलले. "मला सांगायचं होतंत. मी काय खाल्लं असतं तुम्हाला? धाकटी उभी केली असती. दोन्ही उभ्या केल्या असत्या, आणि त्या फलकावर जाऊन साहेबांदेखत 'दोन्ही यंत्रं बंद' असं लिहिलं असतं. जे आधीच लिहायला हवं होतं."

जावयाने हात जोडायला उचलले. उस्तादाने ते मध्येच धरले आणि पुन्हा अंथरुणावर ठेवले, जसा एखादा जोड जागेवर ठेवावा.

७

बाईंच्या निष्कर्षात कोणाला सूट नव्हती. पर्यवेक्षकाने सदोष यंत्र चालू ठेवले. फिटरने ते उभे करण्याचा आग्रह सोडला. चालकाने अधिकार नसताना जोड उघडला. मात्र फिटरने जीर्ण होस बसवली, या आरोपात तथ्य नाही, असे वाक्य त्यांनी सर्वांत वर, स्वतंत्र ओळीत लिहिले. गुन्हा नोंदवायचा विचार कंपनीने सोडला. उस्तादाच्या किल्ल्या परत आल्या. फलक उतरवला गेला. जावयाला पाय बरा झाल्यावर काही काळ यंत्राला हात लावता येणार नव्हता, आणि त्याने त्यावर तक्रार केली नाही.

नव्या होस आल्या, दोन. त्या बसवताना बाई मुद्दाम हजर राहिल्या. लेकही आली होती, नवऱ्याचा डबा न्यायच्या जुन्या पिशवीत काहीतरी घेऊन. जावई कुबडी खांबाला टेकवून एका खोक्यावर बसला होता.

पैलवान लांबूनच म्हणाला, "जावई..." आणि तिथेच थांबला. मग त्याने नुसती मान डोलावली आणि जावयाला चहाचा पेला आणून दिला.

उस्तादाने थोरलीचे काटे जमिनीला टेकवले, दाब सोडला, पीळ पडलेली होस उतरवली आणि नवी लावली. एक पाना त्याने जावयाच्या हाती दिला. "धरा," तो म्हणाला. "फिरवायचं नाही. फक्त हलू द्यायचं नाही." मग दुसऱ्याने नट आवळला. होसवरची पांढरी ओळ वरपासून खालपर्यंत सरळ धावत गेली.

उतरवलेली होस त्याने करवतीखाली घेतली आणि तिचे दोन तुकडे केले. मग खिसे चाचपले. बाटली कार्यशाळेत राहिली होती.

लेकीने पिशवीतून आपली बाटली काढली आणि वडिलांसमोर धरली. त्यांच्याकडे न पाहता, बाटलीकडेच पाहत म्हणाली, "हा रंग जरा भडकच आहे, बाबा. मी दुसरा आणू का?"

उस्तादाने झाकण उघडले, ब्रश निथळून घेतला, आणि नटावरून जोडावर एक सलग रेघ ओढली.

"भडकच असू दे," तो म्हणाला. "दिसला पाहिजे."